रिकाम्या वेळाचा तक्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते क्रमाने.

१. शुक्रवारी, ३१ जानेवारीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सत्यजीत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कळंबोलीची आमची कॅलिब्रेशन लॅब त्यांच्या मालकीची आहे.
२. ते म्हणाले, स्टील मार्केट थंड आहे, दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. पाच माणसं ठेवणं परवडत नाही.
३. दोघांना कमी केलं. एक मिथुन, अकरा वर्षं टेक्निशियन. दुसरी मी, चार वर्षं इंजिनिअर.
४. कीर्ती राहिली. सर्टिफिकेटवर सही करायला एक जण पुरतो आणि तिलाही सहीचा अधिकार आहे.
५. सरांच्या टेबलावर माझा नोव्हेंबरचा तक्ता होता. दोन ओळींवर पिवळा मार्कर.
६. सर म्हणाले, "अयाला, पर्सनली घेऊ नकोस. आकडे तुझेच आहेत." मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत."
७. चार वाजून बावीस मिनिटांनी मी बाहेर आले. ड्रॉवरमध्ये माझ्या स्वतःच्या तीन वस्तू होत्या. स्टॉपवॉच, स्टीलची पट्टी, पाण्याची बाटली.

मी रडले नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण खोडत नाही. लॅबमध्ये नोंद खोडायची नसते, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी सही करायची असते. रेघही मारत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पप्पांना सांगितलं. ते वाल सोलत बसले होते.

"म्हणजे सोमवारपासून तू घरी आहेस ती रजा नाही?"

"नाही."

"मला वाटलं, बरं नसेल. विचारणार होतो."

"विचारायला हवं होतं."

त्यांनी चार-पाच वाल सोलले. मग म्हणाले, "अजून कोण गेलं?"

"मिथुन."

"मिथुन? त्याने काय केलं?"

"काही नाही. तोच मुद्दा होता."

पप्पा हसले नाहीत. मी विनोद केला नव्हता, पण ऐकल्यावर तो विनोदासारखा वाटला.

शेजाऱ्यांना पप्पा माझं काम सांगतात ते असं: आमची अयाला मोजपट्टीला मोजते. ते बरोबर आहे. कारखान्यांतली मोजमापाची उपकरणं आमच्याकडे यायची. ती खरं मोजतात की नाही ते तपासून आम्ही तसा कागद द्यायचो. पप्पा स्वतः वीज मंडळात होते, इनॉक साहेब म्हणजे मीटरच्या बाबतीत शेवटचा शब्द, असं जुन्या पनवेलमध्ये अजून म्हणतात.

रात्रीच्या भाताला म्हणाले, "नोकरी लागली की अलिबागला जाऊ. खंडाळ्याला मलिदा करू. नवस बोललोय मी एलियाहू हनाबीला." अलिबागजवळच्या खंडाळ्याला आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या ह्या प्रेषिताचं स्थान आहे; नवस फिटला की तिथे मलिद्याचं ताट करतात.

"इतक्यात तारीख देऊ नका त्यांना."

१० फेब्रुवारी, सोमवार

पर्याय मांडले. प्रत्येकाला पाच निकषांवर दहापैकी गुण, निकषांना वजन.

अ. चाकणची लॅब. भरती बंद आहे, पण जूनमध्ये बघू म्हणतात. ५.२.
आ. डेबोरा आत्याकडे, इस्रायल. कागदपत्रं मिळतील, भाषा नाही. आत्या फोनवर म्हणाली, "ये गं, पण आत्ता नको. मग कधी ते विचारू नकोस." ४.८.
इ. सत्यजीत सरांनी सुचवलेली बेलापूरची सल्लागार कंपनी. त्यांच्या मित्राची आहे. काम नक्की काय ते कळायचं आहे. ६.४, तात्पुरते.
ई. रिकामी जागा.

ई लिहून ठेवला कारण तक्त्यात चार ओळी बऱ्या दिसतात. हे कारण नाही हे मला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मिथुन घरी आला. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे शब्बाथचा दिवा लागतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तीनलाच आला. त्याने रावस आणला. आमच्याकडे कोळंबी चालत नाही, खवलांचीच मासळी लागते, हेही त्याला ठाऊक आहे. मी कधी सांगितल्याचं आठवत नाही.

पप्पांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः फिरायला गेले. उन्हात. हल्ली ते वेळी-अवेळी फिरायला जातात.

मिथुनकडे एक कल्पना आहे.

"मॅडम, तळोज्यात लहान वर्कशॉप किती हायेत, मोजा. त्यांना लॅबपर्यंत यायला वेळ नाय. आपण जाऊ, उपकरणं आणू, मोजू, परत नेऊन देऊ. तुमी सही करा, मी हात चालवतो."

"खोली लागेल. वीस डिग्रीला स्थिर राहणारी."

"आमच्या करंजाला काकाचं बर्फाचं गोदाम हाय. बंद पडलंय. भिंती फूटभर जाड. एसीला सोपं जाईल."

तांत्रिकदृष्ट्या कल्पना चुकीची नाही. मी तसं सांगितलं.

चहा झाल्यावर त्याने कप बशीत सरळ केला आणि म्हणाला, "मॅडम, एक विचारू? आपल्या दोघांनाच का काढला?"

मी म्हटलं, "मार्केट थंड आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हां. थंडच हाय."

माझं उत्तर खोटं नव्हतं. अपूर्ण होतं. मोजमापात ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

ई. मिथुन, करंजा. ५.९.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बेलापूरला मुलाखत. काचेची खोली, तिघे जण. त्यांच्यासमोर माझा नोव्हेंबरचा तक्ता होता. सरांनी दिला.

तक्त्याबद्दल इथे लिहून ठेवते, कारण आतापर्यंत टाळलं. सर म्हणाले होते, "कोण किती वेळ कामात असतं, एक शीट कर. फक्त माहितीसाठी." मी पंधरा दिवस घड्याळ लावून नोंदी घेतल्या. व्याख्या मी ठरवली. हातात उपकरण, वही किंवा की-बोर्ड असेल तो वेळ कामाचा. नसेल तो रिकामा. मिथुन: रिकामा ४७ टक्के. मी: ३१. कीर्ती तिच्या नोंदी स्वतः भरायची: १२.

जॉब कार्डवर सगळेच आठ तास भरतात. सर्टिफिकेटवर मायक्रॉन सोडत नाहीत आणि स्वतःचा वेळ मात्र गोल करतात. गोल न करणारी मी एकटीच होते. स्वतःचाही नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "स्वतःच्या नावापुढे एकतीस टक्के लिहिणारी व्यक्ती आम्ही पहिल्यांदा पाहिली." मी थँक्यू म्हटलं. ते कौतुक होतं की नाही हे नंतर, स्टेशनच्या जिन्यावर, मनात आलं.

काम असं: तळोजा, पाताळगंगा, खोपोलीच्या कारखान्यांत जाऊन असेच तक्ते करायचे. पहिल्या वर्षी चौदा कारखाने.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कीर्तीचा फोन. ती कामोठ्याला राहते, रिक्षातून बोलत होती.

"कशी आहेस?"

"ठीक. काम?"

"काम कसलं गं, नुसती धावपळ. मी, ती शिकाऊ पोरगी आणि झाडलोटीच्या चंद्रावती मावशी. गेज आले की थेट टेबलावर. थंड व्हायला ठेवतच नाही आता."

"चार तास ठेवायलाच हवेत. पद्धतीत लिहिलंय."

"सर म्हणाले, तो रिकामा वेळ आहे, कापा. तुझ्याच शीटमध्ये रिकाम्यात आहे ना तो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परवा एकाचे सहा मायक्रोमीटर परत आले. उन्हातनं ट्रकमधून काढले, तसेच मोजले. सही माझी. हॅलो? अयाला, ऐकतेयस ना? तुला बोलू का एक, आठ तास भरायचे होतेस सरळ. सगळे भरत होतो. तुझ्या खरेपणाने कुणाचं भलं झालं?"

मग रिक्षा उतारावर लागली आणि फोन तुटला. परत लावला नाही. तिनेही नाही.

४ मार्च, मंगळवार

बेलापूरचं पत्र आलं. निवड झाली. मंगळवार, २५ मार्चपर्यंत सही करून पाठवायचं. सोबत एक पुस्तिका आहे, वेळ कसा वर्गीकृत करायचा त्याची. पान ६: "प्रतीक्षा: अनुत्पादक."

इ ला आता ७.१. चाकणचं ५.२ वरून ४.५ केलं, कारण जूनचं काही खरं नाही. मिथुनचं ५.९ होतं. जोखमीच्या निकषाचं वजन वाढवलं, ५.१ झालं.

वजन का वाढवलं याचं कारण समासात लिहायचं असतं. समास कोरा आहे.

पप्पांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "चांगलं आहे," म्हणाले. "लोकांचा वेळ मोजायचा."

"हो."

"मी मीटर वाचायला जायचो तेव्हा लोक कुत्रा सोडायचे."

"मग?"

"मग काही नाही. मीटर तरी खोटा नव्हता."

९ मार्च, रविवार

करंजाला गेले. जागा न बघता नाही म्हणणं बरोबर नव्हतं. उरणच्या बसने, पुढे रिक्षा. थर्मामीटर नेला होता. सव्वाअकराला बाहेर ३४.०, गोदामात २७.५. दार वीस मिनिटं उघडं ठेवून पुन्हा घेतलं, २७.९. भिंती खरंच चांगल्या आहेत.

मिथुनची आई कृष्णाबाई ओट्यावर वाकटी मासळी निवडत बसली होती. मला बघून मुलाला म्हणाली, "हीच का रं ती मोजणारी?"

"हां आई. बस कर आता."

"मी काय बोलली? ये बाय, बस. च्या घेशील ना?"

मला वाटलं, त्याने घरी माझ्या कामाची माहिती दिली आहे.

ओट्यावरच वही उघडली. दिवसाला किती उपकरणं होतील ते काढत होते. एका उपकरणाला चाळीस मिनिटं, आठ तास, म्हणजे बारा.

"आणि झोपायचे चार तास?" मिथुन म्हणाला. बाहेरून आलेलं उपकरण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दगडी टेबलावर ठेवतात, त्याला तो झोपवणं म्हणतो. गरम स्टील फुगलेलं असतं. तसंच मोजलं तर आकडा चुकतो.

"बरोबर," मी म्हटलं. बारावर रेघ मारून सहा लिहिले, शेजारी सही केली. सवय.

"ते चार तास कशात लिवलेत?"

"कामात. नाहीतर कशात? त्या वेळात खोलीचं तापमान दर अर्ध्या तासाने लिहायचं, दार उघडू द्यायचं नाही, उपकरणं फिरवून ठेवायची. त्याच्याशिवाय मोजमापच होत नाही."

"हां," तो म्हणाला. मग अगदी हळू, "नोव्हेंबरात कशात लिवलेलेत?"

कृष्णाबाईने मान वर केली नाही. वाकटी टोपलीत टाकत म्हणाली, "याचा बाप डोलीचं जाळं लावून होडीत बसायचा. पाणी फिरंपर्यंत. चार-चार तास. त्याला आमच्यात कोणी रिकामा नाय बोलला."

"आई."

"मी माझ्या नवऱ्याचा सांगते. तुझं काय जातंय?"

मी मिथुनला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. सरांनी मला पण कागद दाखवला ना. खाली तुमचं नाव होतं."

"मग माझ्याकडे का आलात?"

"तुमची ओळ पण पिवळी होती, मॅडम. म्हटलं, जो माणूस स्वतःचं पण कमी करून लिवत नाय, त्याच्याबरोबर धंदा करायला हरकत नाय." तो पेनाचं टोपण काढत-लावत होता. "फक्त वाटलेलं, तुमी बोलाल. विचारलं पण होतं."

मी काय उत्तर दिलं होतं ते मला माहीत होतं. मार्केट थंड आहे.

"उद्यापासून न्हावा-शेव्याला जातो," तो म्हणाला. "यार्डात, कंटेनर बांधायच्या कामावर. गावातल्या तुळशीराम मुकादमाने शब्द टाकला."

"आणि हे?" मी वहीवर बोट ठेवलं.

"हे राहू दे सध्या."

निघताना कृष्णाबाईने कागदात बांधून सुकी मासळी दिली. "खवलांची हाय," म्हणाली. "तो बोलला, तुमाला तीच चालते."

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. दुसरं काही नोंदवण्यासारखं नाही.

१२ मार्च, बुधवार

मूळ नोंदींची वही माझ्याकडे आहे. स्थिरावण्याचा वेळ तिच्यात वेगळा दिसतो. टेबलावर ठेवल्याची आणि उचलल्याची वेळ मी प्रत्येक उपकरणापुढे लिहिली होती. म्हणजे माहिती होती. रकाना चुकीचा होता.

नव्याने मांडणी, प्रत्येकी एकशेवीस तासांवर:

मिथुन. रिकामे ५६ तास २४ मिनिटं. त्यांतले ४५ तास ३६ मिनिटं उपकरणं स्थिरावण्याचे. उरले १० तास ४८ मिनिटं. ९ टक्के.

मी. रिकामे ३७ तास १२ मिनिटं. त्यांतले २४ तास स्थिरावण्याचे. उरले १३ तास १२ मिनिटं. ११ टक्के.

लॅबमध्ये मिथुन माझ्यापेक्षा कमी रिकामा होता.

तीनदा तपासलं. दर वेळी तेच.

चार वर्षं मी इतरांची उपकरणं तपासून "स्वीकारार्ह" किंवा "नाकारावे" असा शिक्का मारत होते. मोजण्याआधी मी स्वतः कुठल्या तापमानाला होते ते बघितलं नाही. मला वाटतं मला सरांना खूश करायचं होतं. "मला वाटतं" काढायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

आज पुरीम आणि बाहेर धुळवड. पप्पा म्हणतात, पूर्वी आपल्या लोकांत पुरीमलाच होळीचा सण म्हणायचे. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आज आठच जमले. पप्पा आणि बाकीचे पावणेदोन तास बाकांवर बसून होते. मग ठाण्याहून दोघे आले आणि सुरू झालं.

परत येताना मी विचारलं, "ते पावणेदोन तास कंटाळा नाही येत?"

"कसला कंटाळा? आठ जण बसले नसते तर ते दोघे कोणाकडे आले असते?"

थोडं चालून म्हणाले, "नोव्हेंबरात तू ते घड्याळ गळ्यात घालून जायचीस. मी विचारलं होतं, कोणाचा वेळ मोजतेस. तू म्हणालीस, सगळ्यांचा."

"मग?"

"मिथुनला माहीत आहे?"

"हो."

"तू सांगितलंस?"

"नाही."

समोरून रंगलेल्या पोरांची बाइक गेली आणि पप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक गुलाबी शिंतोडा बसला. ते तसाच घेऊन घरी आले.

१७ मार्च, सोमवार

मिथुनला फोन केला. शिफ्ट संपली होती. मागे क्रेनचा आवाज.

"माझी चूक होती," मी म्हटलं. "नोव्हेंबरातली. तुमचे नऊ टक्के निघतात, सत्तेचाळीस नाही. हे आधीच सांगायला हवं होतं."

"नऊ?"

"नऊ."

"आणि तुमचे?"

"अकरा."

तो हसला. लॅबमध्ये हसायचा तसं नाही, थोडक्यात. "बरं झालं मोजलंत," म्हणाला. "हाताला सवय नाय अजून. साखळ्या जड हायेत." मग कोणीतरी त्याला हाक मारली.

गोदामाचं मी विचारलं नाही. त्याने काढलं नाही.

पर्यायांच्या पानावर इ च्या ओळीवर एक रेघ मारली. शेजारी सही, तारीख. अ आणि आ आहेत तसेच. ई पुढे आकडा ठेवला नाही. तो द्यायचा अधिकार माझा नाही.

पत्र लिहिलं. पप्पांनी वाचलं, एक अनुस्वार दुरुस्त केला. "हे गेलं की बेलापूर गेलं," म्हणाले.

"हो."

"मग मलिद्याचं?"

"तारीख देऊ नका म्हटलं होतं ना."

"दिली नव्हती." चपला घालता घालता म्हणाले, "पोस्टात मी जातो. रांग असते. मला वेळ आहे."

पत्राची नक्कल इथे ठेवते.

श्री. सत्यजीत सर,

नोव्हेंबरमध्ये मी दिलेला वेळेचा तक्ता चुकीचा आहे. उपकरणं खोलीच्या तापमानाला येण्याचा वेळ मी रिकाम्या रकान्यात धरला. तो कामाचा वेळ आहे. चूक माझी आहे, टेक्निशियनची नाही. सुधारित तक्ता आणि मूळ नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

ह्या तक्त्यावरून तुम्ही मिथुन यांना कमी केलं. सुधारित आकड्यांनुसार लॅबमध्ये मी नोंदी घेतलेल्या माणसांत ते सर्वांत कमी रिकामे होते. त्यांना त्यांच्या जागी परत घ्यावं. माझ्या जागेबद्दल माझी काही मागणी नाही.

फेब्रुवारीपासून स्थिर न करता मोजलेली उपकरणं परत मागवून पुन्हा तपासावीत. त्या सर्टिफिकेटांवर कीर्ती यांची सही आहे, पण वेळ कापण्याचं कारण माझा तक्ता आहे.

बेलापूरच्या कंपनीने माझी निवड ह्याच तक्त्यावरून केली होती. म्हणून या पत्राची प्रत त्यांना आजच पाठवली आहे.

मिथुन यांच्याबद्दलचा निर्णय कृपया सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावा.

अयाला